सिग्नलला बंद पडणारी स्प्लेंडर आणि आयडलचा स्क्रू

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2011 ची स्प्लेंडर प्लस. सकाळी चोक ओढल्याशिवाय चालू राहत नाही, चोक सोडला की बंद. गरम झाल्यावर सिग्नलला कधी बंद पडते, तर कधी उलटंच होतं: मूठ पूर्ण सोडली तरी रेस वरच राहते आणि सावकाश खाली येते. गॅरेजवाल्याने दोनदा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोलून सेटिंग करून दिली, चार दिवस बरी चालली, पुन्हा तेच. आता तो म्हणतो कार्ब्युरेटरच बदलून टाका. बदलावा का?

नका बदलू, निदान आत्ता तरी नको. तुम्ही सांगितलेल्या खुणा एकमेकींशी जुळतात आणि त्या एकाच दिशेला बोट दाखवतात: आयडलला, म्हणजे मूठ सोडून इंजिन नुसतं चालू असताना, तुमचं इंजिन लीन चालतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. चोक ओढला की हवा अडते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून तेवढ्यापुरतं इंजिन धरून राहतं. मूठ सोडल्यावर रेस लटकणं हीसुद्धा लीनचीच खूण. पेट्रोल जास्त झालं असतं तर गाडी थंड असताना चोकशिवायही चालली असती, गरम झाल्यावर भकभक करत बंद पडली असती आणि प्लग काळा निघाला असता. त्यामुळे आधी प्लग काढून बघा. तो पांढुरका, कोरडा, खडूसारखा निघाला तर माझं म्हणणं पक्कं समजा.

आता ‘सेटिंग’ चार दिवसच का टिकते ते सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. कार्ब्युरेटरवर हाताने फिरवता येणारा मोठा स्क्रू असतो, तो स्लाइड (मुठीबरोबर वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा-मिटणारा भाग) किंचित वर उचलून धरतो. इतकंच त्याचं काम. आयडल बसत नसलं की बहुतेक जण पहिल्यांदा तोच आत पिळतात. स्लाइड वर गेली, रेस वाढली, गाडी बंद पडायची थांबली. मूळ दोष मात्र तसाच राहिला. मग जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) आणखी थोडा कचरा बसतो किंवा गार पहाट येते आणि गाडी पुन्हा पहिल्या जागी. आयडल बिघडणं हा परिणाम असतो. कारण सापडेपर्यंत तो स्क्रू आहे तिथेच राहू द्या.

मूठ सोडलेली असते तेव्हा स्लाइड जवळजवळ पूर्ण बंद असते. रेस दिल्यावर पेट्रोल पुरवणारे मेन जेट आणि निडल यांचा त्या वेळी काही संबंध नसतो. पेट्रोल येतं ते स्लो जेटमधून, ज्याला कुणी पायलट जेट म्हणतात. त्याचं भोक अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही बारीक असतं. दुसरी गोष्ट: स्लाइड बंद आणि पिस्टन ओढतोय, म्हणून कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधल्या नळीत याच वेळी सगळ्यात जास्त ओढ असते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की बाकीचं आपोआप उलगडतं. बारीकसा कचरा किंवा बारीकशी फट, यांचा त्रास आयडलला होतो आणि साठच्या स्पीडला कळतसुद्धा नाही. ‘रस्त्यावर मस्त पळते हो, फक्त थांबली की मरते’ हे वाक्य ऐकलं की मी याच दोन जागा आधी बघतो.

खोलाखोली करण्याआधी काही फुकटच्या तपासण्या करा. गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, आणि हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा. रेस बदलली तर एक्सलेटर केबल ताणलेली आहे किंवा चुकीच्या बाजूने ओढलेली आहे. मुठीला दोन ते सहा मिलीमीटर ढील हवीच. चोकचा दांडा सोडल्यावर पूर्ण मागे जातो का, हाताने हलवून बघा. एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसलंय का, डब्यातून कार्ब्युरेटरकडे येणाऱ्या रबराची क्लिप घट्ट आहे का, तेही पाहा. मग कार्ब्युरेटरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतलं (कार्ब्युरेटरच्या तळाच्या कप्प्यातलं) पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचे गोळे, तांबूस गंजाचे कण किंवा दुधट थर दिसला तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं, आणि मग टाकीही साफ करावी लागेल. पावसाळ्यानंतर टाकीच्या झाकणातून पाणी उतरल्याच्या केसेस दरवर्षी येतात. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओल धरून ठेवतं आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉलसकट खाली बसतं. हा खालचा थर सगळ्यात आधी कार्ब्युरेटरच्या वाटीत येतो.

यानंतर हवेची गळती. तुमच्या गाडीत मला सगळ्यात जास्त संशय इथेच आहे.

तुमच्या गाडीचा कार्ब्युरेटर दोन बोल्टांनी इनटेक पाइपला बसतो. मध्ये काळा, कडक इन्सुलेटर (उष्णता अडवणारा तुकडा) असतो आणि ओ-रिंग (सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्या) असतात. इनटेक पाइप पुढे हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला बसतो, तिथेही सांधा आहे. कार्ब्युरेटर दोनदा काढून बसवलाय म्हणता, पण ओ-रिंग बदलल्या का? जुनी ओ-रिंग उष्णतेने चपटी आणि कडक होते. ती बोटाने दाबली आणि दबली नाही, किंवा तिचा गोलपणा जाऊन वरून सपाट झाली असेल, तर ती गेली. दहा-वीस रुपयांची ही वस्तू न बदलता कार्ब्युरेटर बदलायला निघालेली माणसं मी पाहतो तेव्हा खरंच वाईट वाटतं.

गळती शोधायची सोपी रीत अशी. गाडी मोकळ्या जागेत आयडलला चालू ठेवा. साध्या पाण्याच्या स्प्रे बाटलीने कार्ब्युरेटर आणि इनटेक पाइपच्या सांध्यांवर, एका वेळी एकाच जागी, थोडंसं पाणी मारा. जिथे फट आहे तिथे पाणी क्षणभर ती बुजवतं आणि इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. पाण्याने फार बारीक फट कधी कधी कळत नाही. मग कार्ब क्लीनरचा छोटा फवारा वापरतात: फट असेल तर तो आत ओढला जातो आणि रेस वर-खाली होते. पण तो ज्वालाग्राही आहे. सायलेन्सरवर किंवा प्लगच्या टोपीजवळ मारायचा नाही, आणि बंद खोलीत तर अजिबात नाही.

एका जागेकडे मेकॅनिकांचंही दुर्लक्ष होतं. तुमच्या गाडीत धूर स्वच्छ करण्यासाठी सायलेन्सरच्या बाजूला ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याला चालवणारी एक बारीक रबरी नळी इनटेक पाइपकडून येते. ही नळी टोकाला चिरली की तिथून हवा आत जाते. सोबत उतारावर मूठ सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येत असेल तर ही नळी काढून, वाकवून, चिरा आहेत का ते बघा.

दुसरी जागा कार्ब्युरेटरचा सपाट चेहरा, जिथे ओ-रिंग बसते. दोन्ही बोल्ट जोर लावून आवळले की तो चेहरा वाकतो, सपाट राहत नाही. स्टीलची पट्टी उभी धरून उजेडात बघा. पट्टीखालून प्रकाश दिसला तर नवी ओ-रिंगही टिकणार नाही. जाड काचेवर बारीक वॉटर पेपर ठेवून, त्यावर चेहरा हलक्या हाताने आठच्या आकड्यात घासला की तो सपाट होतो. मात्र जेट, फ्लोट, ओ-रिंग, सगळं काढून मगच घासा आणि नंतर धुऊन हवा मारा. पुन्हा बसवताना बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा.

गळती नसेल तर स्लो जेट. पेट्रोल कॉक बंद करा, वाटी काढा. आत हिरवट किंवा चहाच्या रंगाचा चिकट थर दिसला तर गाडी बराच काळ उभी होती आणि पेट्रोल वाटीत सुकलं, असं समजा. जेट उजेडाकडे धरून बघा. भोकातून स्वच्छ गोल प्रकाश दिसला पाहिजे. अर्धवट, चंद्रकोरीसारखा दिसला तरी तो चोंदलेलाच धरा. सुई, टाचणी, स्टीलची तार आत घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट कायमचा रिच होतो, म्हणजे पेट्रोल जास्त देतो. विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एकच तार चालते, तीही ढोसायची नाही. आधी कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, मग हवा. काही कार्ब्युरेटरमध्ये स्लो जेट दाबून बसवलेला असतो, पेचाने निघत नाही. त्याला पक्कड लावू नका, आहे त्या जागीच साफ करा.

एकटा जेट धुऊन काम होत नाही, त्याच्या पुढचा रस्ताही मोकळा हवा. ‘दोनदा साफ केला तरी फरक नाही’ याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. क्लीनरची बारीक नळी जेटच्या भोकात धरून फवारा मारा. तो इंजिनाच्या बाजूला स्लाइडच्या पुढे असलेल्या बारीक भोकातून बाहेर आला पाहिजे, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेल्या हवेच्या छोट्या जेटमधूनही. दोन्हीकडून धार दिसेपर्यंत थांबू नका. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण धार कुठून उलटी उडेल सांगता येत नाही.

मिश्रणाचा छोटा स्क्रू काढण्याआधी तो आत हलकेच टेकेपर्यंत फिरवून फेरे मोजा आणि लिहून ठेवा. काढल्यावर त्याच्यामागून स्प्रिंग, पातळ वॉशर आणि मोहरीएवढी ओ-रिंग अशा तीन वस्तू निघतात. ओ-रिंग बऱ्याचदा भोकातच राहते आणि हवा मारली की कुठेतरी उडते. ती हरवलेला कार्ब्युरेटर कितीही सेट करा, हवा ओढतच राहणार. स्क्रूचं निमुळतं टोकही निरखून बघा. कुणी जोरात पिळलेला असेल तर टोकावर अंगठीसारखी खाच दिसते किंवा टोकच तुटून आत राहिलेलं असतं.

हा छोटा स्क्रू हवेचा की पेट्रोलचा, यावरून गोंधळ होतो. तो स्लाइडच्या कोणत्या बाजूला आहे ते बघायचं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो: बाहेर काढला की मिश्रण लीन. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल-हवेचं तयार मिश्रण सोडतो: बाहेर काढला की रिच. हवेचा स्क्रू असलेल्या आरएक्स 100 ची सवय लागलेला हात दुसऱ्या प्रकारच्या कार्ब्युरेटरवर बरोबर उलटा फिरतो आणि तासभर जातो.

सेटिंगची वेळ आता येते, आधी नाही. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करा. छोटा स्क्रू हलकेच टेकवून साधारण दोन फेरे बाहेर घ्या. मग पाव-पाव फेरा दोन्ही दिशांना फिरवत, दर वेळी दोन-तीन सेकंद थांबून, रेस सगळ्यात वर आणि एकसारखी कुठे लागते ती जागा कानाने शोधा. मग मोठ्या स्क्रूने रेस खाली आणा आणि छोटा पुन्हा एकदा तपासा. स्प्लेंडरचं आयडल 1400 आरपीएमच्या आसपास, शंभर इकडे-तिकडे. तुमच्या गाडीला आरपीएम मीटर नाही, म्हणून कानावर भिस्त. आयडलला हेडलाइट मंद होतो म्हणून रेस वाढवू नका. या गाडीचा हेडलाइट इंजिनाच्या वेगावरच चालतो, तो आयडलला मंद होणारच.

याच वेळी एक खात्रीची परीक्षा होते. छोटा स्क्रू फिरवताना इंजिनाचा आवाज बदललाच पाहिजे. पेट्रोलच्या प्रकारचा स्क्रू पूर्ण आत बंद केला तरी इंजिन आरामात चालत राहिलं, तर आयडलचा मार्ग कामच करत नाहीये. एकतर स्लो जेटचा रस्ता अजून चोंदलेला आहे, किंवा मोठ्या स्क्रूने स्लाइड इतकी वर धरलीय की इंजिन दुसऱ्याच वाटेने पेट्रोल पितंय. अशा अवस्थेत सेटिंग करत बसणं व्यर्थ. मागे जा आणि रस्ता पुन्हा साफ करा. कुणी गाडी सेट करून देत असेल तर ही परीक्षा तुमच्यासमोर करायला सांगा.

पीयूसीचा कागदही इथे कामाला येतो, त्याचा उपयोग फारसं कुणी करत नाही. दुचाकीची ही तपासणी आयडलवरच होते. त्यावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचा पीपीएममधला आकडा छापलेला असतो. तुमच्या गाडीच्या काळातल्या फोर स्ट्रोकसाठी मर्यादा 3.5 टक्के आणि 4500 पीपीएम. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या जवळ असेल तर आयडल रिच आहे. तो अगदी नगण्य आणि हायड्रोकार्बन मात्र चढलेला, तर लीनमुळे काही ठिणग्या वाया जातायत. सेटिंग झाल्यावर पीयूसी काढा म्हणजे कानाने केलेलं काम आकड्यात कळेल.

कार्ब्युरेटर निर्दोष निघाला तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणाऱ्या रॉकरच्या मधला बारीक गॅप. यात फसगत होते, कारण टॅपेट घट्ट झाले की इंजिन शांत वाजतं आणि मालक खूश असतो. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी वाढते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि आयडल जातं. थंड असताना छान, अर्ध्या तासाने सिग्नलला बंद, आणि गरम इंजिनाला किक मारताना पाय हलका लागतो: हे घट्ट टॅपेटचं चित्र. गॅप इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर, फिलर गेजनेच (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायचा. या इंजिनांत तो 0.1 मिलीमीटरपेक्षाही कमी असतो, आकडा गाडीच्या पुस्तकात बघून घ्या. फ्लायव्हीलवरची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) जुळवली की दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. नाही हलले तर तुम्ही दुसऱ्या स्ट्रोकवर आहात, एक पूर्ण फेरा आणखी फिरवा.

ठिणगीचं थोडक्यात सांगतो. प्लग नवा टाकून बघा. टोपी वायरमधून फिरवून काढा, वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून टोपी पुन्हा आवळून बसवा. गरम झाल्यावरच ठिणगी जाते आणि थंड झाल्यावर परत येते असं असेल तर पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ ठरवणारी, पल्सर गाडीशी संबंध नाही) किंवा इग्निशन कॉइल तपासून घ्या. तिथे कार्ब्युरेटरचा काही दोष नाही.

ज्यांची गाडी वेगळी आहे त्यांच्यासाठी एवढंच. जुन्या पल्सर आणि युनिकॉर्नसारख्या गाड्यांत स्लाइडच्या डोक्यावर पातळ रबरी डायफ्राम असतो. तो फाटला तर आयडल ठीक पण गाडी रेस घेत नाही, आयडलसाठी त्याच्यावर संशय घेऊ नका. बऱ्याच पल्सरना दोन प्लग असतात, एक मेला तरी गाडी चालते, पण आयडल खडबडतं. जुन्या ॲक्टिव्हासारख्या स्कूटरला पेट्रोल कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडतो. त्याचा पडदा फाटला की बारीक नळीतून सरळ इंजिनात पेट्रोल जातं. ती नळी काढून बघा, आतून ओली असेल तर कॉक बदला. क्लच दाबून पहिला गिअर टाकताच रेस पडत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, केबलची ढील तपासा. आणि 1 एप्रिल 2020 नंतर बनलेल्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटरच नाही, त्यांना यातलं फार थोडं लागू पडतं.

आता कार्ब्युरेटर खरोखर कधी बदलायचा. स्लाइड बाहेर काढून बघा. तिच्यावर उभे, नखाला लागणारे चरे असतील आणि ती घरात बसवल्यावर पुढे-मागे डगमगत असेल, तर कडेने हवा जाते आणि कुठल्याही सेटिंगला आयडल स्थिर होणार नाही. मिश्रणाच्या स्क्रूचे आटे गेले असतील किंवा तुटलेलं टोक आत अडकून निघत नसेल, तरीही बदला. नवा घेताना तुमच्या मॉडेलचा आणि सालाचाच मागा. वेगळ्या सालाचा बसतो दिसायला, पण जेटचे नंबर वेगळे असतात. बाजारातल्या स्वस्त नकली कार्ब्युरेटरचे जेट मापात नसल्याचं मी वारंवार पाहतो. तसा आधीच बसवलेला असेल तर जुन्या, मूळच्या कार्ब्युरेटरचे जेट जपून ठेवा. आणि नवा बसवताना इन्सुलेटरच्या दोन्ही बाजूंच्या ओ-रिंग नव्या घ्या, म्हणजे जुनीच फट नव्या कार्ब्युरेटरच्या मागे राहणार नाही.